निळ्या भिंतीवरचे ओरखडे

ती बाई ओरडली तेव्हा माझं बोट भिंतीपासून चार अंगुळं लांब होतं. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, हातात खराटा, आणि तोंडातून फक्त दोन शब्द, "नु, नु!" रुमानियन भाषेतला 'नु' म्हणजे 'नाही', एवढं आठ दिवसांत मलाही कळायला लागलं होतं. मी हात असा मागे घेतला, की जणू लाडवांच्या डब्यात सापडले. लेक हसायला लागली. "आई, हात लावू नका म्हणून तिथे तीन भाषांत लिहिलंय. तू कुठे बघत होतीस?" मी काय बघत होते ते तिला तेव्हा सांगितलं नाही. वरती पाचशे वर्षांची चित्रं होती, ज्यांच्यासाठी आम्ही क्लुज शहरातून पाच-सहा तास गाडी हाणत आलो होतो, आणि मी मात्र खालच्या पट्ट्यात, गिलाव्यावर कुणीतरी टोकदार काहीतरी घेऊन कोरलेलं एक नाव वाचत होते. नुसतं वाचत नव्हते, बोटानं गिरवायला निघाले होते.

सन्यासिनीनं खराटा पुन्हा चालवायला घेतला. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता. माझ्या मनात मात्र तो दिवसभर कुसळासारखा टोचत राहिला. एवढं काय लागावं? प्रवासात कुणी ना कुणी ओरडतंच. पण कान तापलेलेच होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं काहीतरी होतं, आणि चोरी कुठली ते मलाच आठवत नव्हतं.

वोरोनेत्सचा हा मठ रुमानियाच्या उत्तरेला, बुकोविनात, गुरा हुमोरुलुई नावाच्या गावाशेजारी आहे. वाटेत डोंगरउतारांवर गवताच्या गंजी दिसतात, मधे एक उंच काठी आणि तिच्याभोवती रचलेलं गवत. सप्टेंबर संपत आला होता, पाऊस नुकताच थांबला होता आणि सगळीकडे ओल्या गवताचा, धुराचा आणि लाकडाचा वास होता. चर्च म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे उंच, दडपून टाकणारं काहीतरी येतं, त्यातलं इथं काही नाही. फाटकातून आत गेल्यावर हिरवळीवर एक ठेंगणी, लांबट वास्तू दिसते आणि तिच्यावर लाकडी फळकुट्यांचं, कोकणातल्या घरासारखं पुढे आलेलं मोठं छप्पर. डोक्याला मोठं घोंगडं घेऊन कुणी म्हातारा बसलाय असं वाटतं. वळचणीतून पाणी अजून ठिबकत होतं. आणि छपराखाली, बाहेरच्या भिंतींवर, जमिनीपासून माणूसभर उंचीपासून थेट वरपर्यंत चित्रंच चित्रं. आत नव्हे, बाहेर. उन्हापावसात.

आणि तो निळा. त्याला नाव द्यायचा मी बराच प्रयत्न केला. मोरपंखी नाही, कपड्यांना घालायच्या निळीचा नाही, शाईचाही नाही. भाद्रपदात चार दिवसांच्या झडीनंतर एकदम उघडीप पडते, तेव्हा उत्तरेकडचं आभाळ जे दिसतं, त्याच्या जवळपासचं काहीतरी. तिकडे या रंगाला 'वोरोनेत्सचा निळा' असंच नाव आहे. गाइड लोक या रंगाचं गुपित कुणालाच उलगडलेलं नाही असं डोळे मोठे करून सांगतात. खरं म्हणजे तो अ‍ॅझुराइटचा, तांब्याच्या एका खनिजाचा रंग. पण मला गुपितापेक्षा दुसऱ्या गोष्टीचं नवल वाटलं. ओल्या चुन्यावर रंग लावायचा, चुना सुकताना रंगाला पोटात घेतो, आणि मग तो रंग भिंतीवर नसतो, भिंतीतच असतो. आपल्या अजिंठ्याचं तंत्र निराळं. तिथं मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो सुकल्यावर चित्र. अजिंठा गुहेच्या अंधारात टिकला. हे बर्फात, वाऱ्यात, उघड्यावर टिकलं. सगळंच नाही. उत्तरेची भिंत, जिथं मला ओरडा बसला, तिथलं बरंचसं वाऱ्यापावसानं धुऊन नेलंय. निळ्याची नुसती सावली उरलीय, आणि त्या सावलीत माणसं अर्धी अर्धी.

बांधणारा राजा श्तेफान. मोल्दाव्हियाचा, म्हणजे तेव्हाच्या या मुलुखाचा. आपल्याकडे ज्यांच्या नावामागे जयजयकार आपोआप येतो, तसा तिकडचा. तुर्कांशी लढाया करणारा आणि दरेक लढाईमागे एक देऊळ बांधणारा, अशी त्याची ख्याती. गोष्ट अशी सांगतात, की हरून खचलेला राजा दानिईल नावाच्या एका बैराग्याकडे गेला. बैरागी प्रार्थनेत होता. त्यानं राजाला बाहेर थांबवलं, प्रार्थना पुरी केली आणि मग सांगितलं, लढ, जिंकशील, आणि इथं सेंट जॉर्जच्या नावानं चर्च बांध. रामदास-शिवाजींच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला यात नवीन काही वाटत नाही. इतिहासाचे लोक अशा गोष्टींकडे भुवई उंचावून बघतात, आणि बघावंच. पण त्या बैराग्याची समाधी या चर्चच्या आत आहे, हे खरं. आणि दगडावरचा लेखही खरा. त्यात राजा स्वतःचं नाव सांगतो, बापाचं नाव सांगतो, आणि म्हणतो, ६९९६ सालच्या २६ मे रोजी काम सुरू केलं आणि त्याच साली १४ सप्टेंबरला पुरं केलं. ६९९६ म्हणजे जग निर्माण झाल्यापासून मोजलेलं साल, आपलं १४८८. चार महिनेसुद्धा लागले नाहीत. आमच्या सोसायटीचं गच्चीचं वॉटरप्रूफिंग याहून जास्त दिवस चाललंय.

बाहेरची चित्रं मात्र राजाच्या काळची नाहीत. त्याचा मुलगा पेत्रु रारेश गादीवर असताना या मुलुखात चर्चच्या बाहेरच्या भिंती रंगवायची रीत पडली. वोरोनेत्सला ग्रिगोरे रोश्का या धर्मगुरूनं १५४७ मध्ये पश्चिमेला एक दालन वाढवलं आणि त्या दालनाच्या पश्चिमेच्या भिंतीत एकही खिडकी ठेवली नाही. खिडकी नाही, दार नाही, एक सलग फळाच जणू. त्या फळ्यावर शेवटचा न्याय, म्हणजे जग संपताना देव सगळ्या मेलेल्यांचा निवाडा करतो ते चित्र. अडाणी शेतकऱ्यांना, सैनिकांना धर्म समजावा म्हणून ही चित्रं बाहेर काढली, असं सगळीकडे सांगतात. असेलही. पण दक्षिणेच्या भिंतीवर येशूची वंशवेल आहे आणि तिच्या कडेनं प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल वगैरे मंडळी उभी आहेत. बुकोविनातल्या गुराख्याला अ‍ॅरिस्टॉटल कुणी समजावला असेल? मला तर वाटतं, आतली भिंत पुरली नाही म्हणून कलाकार बाहेर आला. हौसेला काही हिशेब नसतो.

पश्चिमेच्या भिंतीपुढे आम्ही तासभर उभ्या होतो. अगदी वर देवदूत आभाळ गुंडाळतायत. खरोखरच गुंडाळतायत, सतरंजी गुंडाळावी तसं, आणि त्या आभाळावर राशींची चिन्हं आहेत. काळ संपला, आता राशींचं काय काम? मधोमध ख्रिस्त, आणि त्याच्या पायापासून निघालेली लाल आगीची नदी खाली खाली रुंद होत नरकात जाते. एका बाजूला स्वर्गाचं दार, किल्ली घेऊन सेंट पीटर, दाराशी आपल्याकडच्या एकादशीसारखी गर्दी. दुसऱ्या बाजूला दोषी ठरलेल्यांच्या रांगा, त्यांत तुर्क आणि तातार त्यांच्या वेशासकट ओळखू येतात. शेजाऱ्याला नरकात उभा केला, की आपला स्वर्ग जास्त खात्रीचा वाटतो. हे सगळीकडे सारखंच. खाली पृथ्वी आणि समुद्र मेलेल्यांना परत देतायत. जंगली जनावरांनी माणसं खाल्लेली, तर आता प्रत्येक जनावर तोंडात एकेक हात, एकेक पाय धरून परत करायला आलंय. फक्त हरणाच्या तोंडात काही नाही. त्यानं कुणाचं काही घेतलेलंच नाही. आणि देवदूत जे वाजवतायत ते तुतारीसारखं लांब वाद्य म्हणजे तिकडच्या धनगरांचा बुचुम. जगाचा शेवट झाला तरी वाजणार गावचंच वाद्य.

या भागातल्या मठांच्या भिंतींवर आणखी एक चित्र असतं: मेलेल्याचा आत्मा वर जाताना वाटेत एकेक नाका लागतो, प्रत्येक नाक्यावर सैतानाची माणसं एकेका पापाचा हिशेब मागतात. तिकडच्या भाषेत त्याला चक्क 'आकाशातली जकात' म्हणतात. लेकीनं ते वाचून दाखवलं आणि मला हसू आवरेना. जकातनाक्यावर खोळंबलेले आत्मे! सहा-सात वर्षांची असताना आजोळच्या देवळात मी हेच बघितलं होतं. सातारकडचं गाव, महादेवाचं देऊळ, आणि ओवरीच्या भिंतीवर यमलोक. कढत तेलाची कढई, करवतीनं उभा चिरला जाणारा सावकार, खोटं बोलणाऱ्याची जीभ सांडशीनं ओढणारे यमदूत, आणि एका कोपऱ्यात तक्क्याला टेकून लाल चोपडी घेऊन बसलेला चित्रगुप्त, अगदी गावच्या तलाठ्यासारखा. यमदूतांचे डोळे कुणीकुणी खरवडून काढले होते. भीतीनं. डोळेच नाहीत तर बघणार कसे, असा साधा विचार.

खरवडून. हा शब्द मनात आला आणि काहीतरी हललं. पण ते अजून वर आलं नव्हतं.

उत्तरेच्या भिंतीवर, वरच्या अंगाला, एक चित्र आहे, जे मी आधी कुठेच ऐकलं नव्हतं. बागेतून हाकलून दिलेला आदम जमीन नांगरायला जातो. सैतान येतो आणि म्हणतो, ही जमीन माझी. नांगरायची असेल तर कागद करून दे. आदम कागद करून देतो. त्याला तिकडे 'झापिस' म्हणतात, म्हणजे लिहून दिलेला दस्त. बायबलात ही गोष्ट नाही, लोककथेतून आलेली आहे. पण भिंतीवर आहे. मी त्या पुसट आकृतीकडे मान दुखेस्तोवर बघत राहिले. जगातला पहिला शेतकरी आणि त्यानं पहिलं काय केलं, तर सावकाराच्या कागदावर सही. आमच्या आजोबांचा अंगठा असलेला एक पिवळा कागद आईनं कितीतरी वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवला होता. जमीन कधीच सुटली नाही. कागद का जपला कुणास ठाऊक. आजोबांचं अक्षर नव्हतंच कुठे, तेवढा अंगठा होता, म्हणून असेल.

आणि त्याच आदमच्या खाली, हात पोचेल एवढ्या उंचीवर, ती नावं. कुठे १८ नं सुरू होणारी सालं, कुठे जर्मन वळणाची अक्षरं, कुठे नुसती दोन आद्याक्षरं. १७७५ मध्ये हा मुलूख ऑस्ट्रियाकडे गेला, १७८५ मध्ये मठ बंद झाला आणि सन्यासी गेले. नंतर दोनशेहून जास्त वर्षं इथं मठ नव्हता. सन्यासिनी परत आल्या त्या १९९१ मध्ये. मधल्या काळात कोण कोण आलं असेल. शिपाई, कारकून, सहलीला आलेली पोरं. त्यांना वरचा देवदूत दिसला असेल, हरीण दिसलं असेल, आणि मग खिशातला चाकू काढून त्यांनी आपलं नाव लिहिलं असेल. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं २८ एप्रिल १८१९ ला हेच केलं. हजारभर वर्षांनी ते लेणं बाहेरच्या जगाला सापडलं आणि सापडल्याबरोबर त्याच्यावर पहिलं काम काय झालं, तर नाव टाकणं. आपण त्याला शिव्या देतो आणि त्याचं नाव प्रत्येक पुस्तकात छापतो.

नीट बघितलं तर या सगळ्या वास्तूवर नावंच नावं आहेत. राजाचं दगडात. रोश्का या धर्मगुरूचं नाव आणि चित्रही भिंतीवर. ज्यांनी ही भिंत रंगवली त्यांचं मात्र नाही. इथून थोड्याच अंतरावर हुमोरच्या मठात तोमा नावाच्या चित्रकारानं १५३५ मध्ये भिंती रंगवल्या; त्यानं कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्याच्या चित्रात एका घोडेस्वारावर हळूच आपलं नाव टाकलं असं म्हणतात. मला तो तोमा फार आवडला. राजा दगडात कोरतो तो इतिहास, चित्रकार लपवून टाकतो ती गंमत, आणि शिपाई चाकूनं कोरतो तो गुन्हा. चुना तिघांसाठी सारखाच.

रात्री गेस्टहाउसच्या खोलीत, लाकडी छताकडे बघत पडले असताना, ते वर आलं.

सहावीची सुट्टी. आजोळचं तेच देऊळ, तीच ओवरी. दुपारी सगळी झोपलेली. माझ्या हातात कंपासपेटीतलं करकटक. मामेभावानं त्याचं नाव आधीच कोरलं होतं, म्हणून मलाही कोरायचं होतं. चित्रगुप्ताच्या चोपडीच्या पानावर कोरलं, कारण ती एकच जागा कोरी होती. शाळेच्या वहीवर लिहायचे तसंच: कु. सु. ग. पा. 'कु.' सुद्धा सोडला नाही. चुना भुरभुर करून फ्रॉकवर पडला. त्याचा तुरट वास आणि करकटकाच्या टोकाखाली भिंतीचं करकरणं मला त्या खोलीत, हजारो मैलांवर, जसंच्या तसं ऐकू आलं. पुजाऱ्यानं बघितलं असावं. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "त्याच्या वहीत नाव गेलं हां तुझं."

कित्येक रात्री मला झोप लागली नव्हती.

पुढे त्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. गुलाबी टाइल्स, स्टीलचा कठडा, ऑइलपेंट. ओवरीत डोक्यापर्यंत टाइल्स आणि प्रत्येक खांबावर संगमरवरी पाटी, कै. अमुक यांचे स्मरणार्थ. पंख्याच्या तिन्ही पात्यांवरसुद्धा देणगीदाराचं नाव; पंखा लावला की दिसत नाही. चित्रगुप्त गेला, कढई गेली, यमदूत गेले. मी गेले होते तेव्हा सगळ्यांबरोबर हळहळले. पण खरं सांगायचं तर पोटात कुठेतरी हायसंही वाटलं होतं, की चला, पुरावा गेला. त्या हायसं वाटण्याची लाज मला वोरोनेत्सच्या त्या खोलीत पहिल्यांदा वाटली. आणि लगेच त्याच्यामागून दुसरं एक दुःख आलं, त्याचं तर काय करावं कळेना. कारण ती चार अक्षरं आता माझी नव्हती. लग्नात नाव बदललं. थोरल्या जावेचं नाव तेच होतं, एका घरात दोन कशाला, म्हणून. ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, पेढे वाटले, आणि ताट कुणीतरी उचलून नेलं. तांदूळ बहुधा दुसऱ्या दिवशी शिजवले असतील. ते नाव रेशनकार्डावर आहे, आधारवर आहे, पासपोर्टावर आहे. माहेरचं नाव दाखल्यावर उरलं आणि एका भिंतीत. भिंतीत जास्त खोल होतं.

सकाळी मीच म्हटलं, जाताना पुन्हा थांबू या. पोचलो तेव्हा आवारात एक तरुण सन्यासिनी खांद्यावर लांब फळी घेऊन तिच्यावर लाकडी हातोडीनं ताल धरत चर्चभोवती फिरत होती. तिला तोआका म्हणतात. प्रार्थनेची वेळ झाली की घंटेआधी ती वाजते. सुतारपक्ष्यासारखा आवाज, आधी सावकाश, मग भराभर. लेक सांगत होती, या बायका दीक्षा घेतात तेव्हा त्यांना नवीन नाव मिळतं, घरचं नाव तिथंच सुटतं. राजाला सल्ला देणारा तो बैरागीसुद्धा जन्माचा दुमित्रू होता म्हणे. मठात आल्यावर दावीद झाला आणि पुढे अधिक कडक व्रत घेतल्यावर दानिईल. तीन नावं. समाधीवर शेवटची दोन.

दाराशी मेणबत्त्यांच्या टेबलामागे कालचीच बाई बसली होती. आज खराटा नव्हता. मी नकळत दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ते तिच्या लक्षात आलं, कारण तिच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या आणि दोरीला बांधलेलं बॉलपेन. लोक चिठ्ठ्यांवर नावं लिहून देत होते. लेक म्हणाली, आत प्रार्थनेत ती नावं वाचतात, दोन रकाने असतात, एक जिवंतांचा, एक गेलेल्यांचा. आडनाव लिहायचं नाही. नुसतं नाव.

"आई, ते त्यांच्या धर्माच्या लोकांसाठी असतं गं."

"लिहिते नुसतं."

मी पेन उचललं आणि अडले. माझं कुठलं नाव, कुठल्या रकान्यात? मागे एक म्हातारी रांगेत उभी होती, तिच्या डोक्यावरच्या रुमालाला धुराचा वास येत होता. मी देवनागरीत, ठळक, तीन अक्षरं लिहिली, सुमन, आणि कागद असा काही तिरका पकडला होता की ती दोन रकान्यांच्या बरोबर मधल्या रेघेवर गेली. सन्यासिनीनं चिठ्ठी आपल्याकडे फिरवली. अक्षरं उलटसुलट करून पाहिली. मग बोट पहिल्या रकान्यावर ठेवून माझ्याकडे बघत विचारलं, "विई?"

लेकीनं कानात सांगितलं, जिवंत का म्हणून विचारतेय.

"दा," मी म्हटलं.